पावणारा देव आणि पावतीची रांग : देवस्थानांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मोठ्या देवस्थानांचे विश्वस्त, मंदिर समित्यांचे सदस्य आणि कार्यकारी अधिकारी यांस

विषय : देणगी दर्शन, धर्मदर्शनाची रांग आणि त्यातून घडणारी श्रद्धा

सप्रेम नमस्कार.

मराठीत देव पावतो, आणि पैसे भरले की पावती मिळते. दोन्ही शब्द 'पावणे' या एकाच क्रियापदातले. देव कधी पावला याची तारीख कोणी सांगू शकत नाही, पावतीवर मात्र ती वेळेसह छापलेली असते. आपल्या अनेक मोठ्या देवस्थानांत या दोन पावण्यांच्या आता दोन रांगा आहेत. विनामूल्य रांगेला धर्मदर्शन म्हणतात, पैसे भरून पुढे जायच्या रांगेला देणगी दर्शन. देणगी म्हणजे स्वखुशीने द्यायची रक्कम. खिडकीवर दर लिहिला की तिला शुल्क म्हणावे, पण ते असो.

आम्ही दर्शनरांगांचे आराखडे करणारे, देवस्थानांचे हिशेब तपासणारे आणि यात्रा-जत्रांचा अभ्यास करणारे काही जण आहोत. देणगी दर्शन उद्यापासून बंद करा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र नाही. पैसा आणि सामाजिक पायरी यांमुळे माणसाची देवाविषयीची समजूत बदलते, आणि ती कशी बदलावी याचा बराचसा निर्णय तुमच्या रेलिंगची रचना करते, हे तुमच्यासमोर आकड्यांनिशी ठेवायचे आहे.

गरीब माणूस जास्त देवभोळा असतो आणि चार पैसे आले की श्रद्धा आटते, हे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. युरोपातल्या श्रीमंत देशांकडे पाहिले तर ते खरे वाटते, अमेरिकेकडे पाहिले की डळमळते आणि पुण्या-मुंबईकडे पाहिले की उरतच नाही. आपल्याकडे पैसा आल्यावर श्रद्धा कमी झालेली दिसत नाही. ती दुसऱ्या देवाकडे वळते आणि दुसऱ्या पद्धतीने व्यवहार करू लागते.

नवसाचेच पाहा. नवस बोलतात आणि फेडतात. कर्जही फेडतात. हातावर पोट असलेल्या घरात नवसाचा क्रम ठरलेला असतो : आधी काम, मग दाम. पोर तापातून उठले, पाऊस वेळेवर झाला, म्हैस गाभण राहिली, की मग खण-नारळ, ओटी, जागरण-गोंधळ, कुठे बोकड. काम झाले नाही तर देणे लागत नाही. ज्याच्याकडे दर महिन्याला विम्याचा हप्ता भरायला पैसे नसतात, त्याच्या दृष्टीने ही फार विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे. आज काही भरायचे नाही आणि जे भरायचे ते सुगी हातात आल्यावर. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला आणि शिखर शिंगणापूरची चैत्रात भरते. रब्बीचे धान्य तोवर घरात आलेले असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेले कोयतेही, म्हणजे मजुरांची जोडपी, मार्च-एप्रिलात गावी परततात. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटून काही उरले तर नवस फिटतो, नाहीतर देव पुढच्या सालावर थांबतो. थांबणारा देव ही गरिबाच्या श्रद्धेतली फार मोठी गोष्ट आहे.

पगारदार घरात हा क्रम उलटा होतो. अभिषेक, लघुरुद्र, शांत हे सारे आगाऊ पैसे भरून करायचे विधी आहेत, आणि फळ मिळाले नाही तर रक्कम परत मिळत नाही. त्र्यंबकेश्वरला कालसर्प शांत एका दिवसात होते, पितृदोषावरच्या नारायण नागबळीला तीन दिवस लागतात. तीन दिवसांची रजा, दोघांचे येणे-जाणे, राहणे आणि दक्षिणा यांचा हिशेब केला की रोजंदारीवरच्या माणसाला पितृदोष परवडतच नाही. तो दोष प्रामुख्याने मध्यमवर्गाला लागतो. हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. नोकरी, बढती, लग्न, परदेशी शिक्षण अशा ज्या गोष्टी कष्ट करूनही आपल्या हातात राहत नाहीत, त्यांची भीती त्याच वर्गाला असते. विधीसुद्धा त्या भीतीच्या मापाने शिवलेला असतो.

देवही बदलले. मरीआई पटकीची, सटवाई पाचव्या दिवसाची, म्हसोबा बांधावरचा. देवीच्या रोगाचे तर नावच देवी. या देवांचे काम आजार, बाळंतपण आणि शेत यांच्याशी होते. लस आली, १९७५ नंतर देशात देवीचा रोग राहिला नाही, दवाखाना जवळ आला आणि ही ठाणी ओस पडू लागली. ज्यांचा दवाखाना अजून लांब आहे त्यांच्या वस्तीत ती आजही शेंदराने ताजी दिसतात. शहरात गेलेली मंडळी शिर्डी, अक्कलकोट, शेगाव, तिरुपती अशा देवस्थानांकडे वळली. गावच्या ठाण्यावर रांग नव्हतीच. रांग आली ती या मोठ्या देवस्थानांत, आणि रांगेपाठोपाठ बहुतेक ठिकाणी तिचा दर आला.

श्रीमंतांच्या पैशाने देवळे उभी राहणे जुनेच आहे. प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर १८०१ साली देऊबाई पाटील या आगरी समाजातल्या सधन, निपुत्रिक बाईंच्या पैशाने झाले. त्र्यंबकेश्वरचे आजचे दगडी मंदिर नानासाहेब पेशव्यांनी सुरू केले. काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारले. पण या तिघांनीही दर डोई दर लावला नव्हता. देणाऱ्याने एकदा द्यायचे आणि येणाऱ्या सगळ्यांनी वापरायचे, अशी ती रीत होती. जुन्या देवळांत दात्याचे नाव पायरीवर किंवा फरशीत बसवलेले दिसते, काही ठिकाणी दंडवत घातलेल्या दात्याची आकृतीच कोरलेली असते, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागावेत म्हणून. आज दात्याचे नाव पंख्याच्या पात्यावर असते. पंखा सुरू झाला की ते वाचता येत नाही, एवढीच काय ती नम्रता शिल्लक आहे.

आता रांगेच्या गणिताकडे येऊ. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत उत्पन्नाचा तक्ता नेहमी येतो, हा तक्ता मात्र येत नाही.

गाभाऱ्याची क्षमता ठरलेली असते. दार एक, उंबरठा एक, मूर्तीसमोरची जागा चार-पाच फूट. समजा मिनिटाला ३० भाविक पुढे सरकतात. म्हणजे प्रत्येकाला २ सेकंद, ताशी १,८०० जण. सकाळी ६ वाजता धर्मदर्शनाच्या रांगेत ९,००० माणसे आहेत. दुसरी रांगच नसेल तर शेवटचा माणूस ५ तासांनी, ११ वाजता दर्शन घेतो. आता देणगी दर्शनाची रांग गाभाऱ्याआधी याच रांगेत मिसळा, आणि धर्मदर्शनातले दोन सोडले की देणगीतला एक, असे प्रमाण धरा. प्रत्यक्षात ते याहून वाईट असते, पण धरू. धर्मदर्शनाचा वेग ताशी १,२०० वर येतो आणि त्याच शेवटच्या माणसाला साडेसात तास लागतात. दुपारचा दीड वाजतो. दुपारच्या नैवेद्याला दार बंद होत असेल तर त्याची पाळी आणखी पुढे जाते.

त्या साडेसात तासांत देणगी रांगेतून ४,५०० जण गेले. दोनशे रुपये दराने ९ लाख रुपये जमा झाले. ताळेबंदात हे नऊ लाख दिसतात. आता दुसरी बाजू. धर्मदर्शनातल्या ९,००० जणांना सरासरी सव्वा तास जास्त लागला, म्हणजे एकूण ११,२५० तास. आठ तासांचा दिवस धरला तर सुमारे १,४०० दिवस. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. तिने गुणले की सुमारे ४ लाख ३९ हजार होतात. रांगेतला प्रत्येक जण मजूर नसतो आणि प्रत्येकाचा दिवस बुडतही नाही, हे मान्य. तरीही नऊ लाखांतला जवळपास निम्मा भाग ज्यांनी एक पैसा भरला नाही त्यांच्या उभ्या राहण्यातून आला, हे आकडे सांगतात. देणगी दर्शनाने वेळ वाचत नाही. तो एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकला जातो, आणि त्याची पावती तिसराच फाडतो.

यात शिफारशीच्या पत्रावर येणारे आणि 'वरून फोन आलेले' अजून धरलेले नाहीत. त्यांच्याकडून काही घेतलेही जात नाही. गाभाऱ्यात एका कुटुंबाने ३ मिनिटे घेतली, हार, श्रीफळ, शाल, फोटो, की मागचे ९० जण थांबतात. सकाळच्या सत्रात अशी दहा कुटुंबे झाली की पूर्ण रांग अर्धा तास मागे पडते. पैसे भरणाऱ्यापेक्षा पैसे न भरता आत जाणारा महत्त्वाचा माणूस रांगेला महाग पडतो, असा आमचा अनुभवसिद्ध निष्कर्ष आहे. याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, म्हणून ठरावातही तो येत नाही.

या दोन रांगा जिथे एकत्र होतात ती तीन फुटांची जागा एकदा उभे राहून बघावी. डावीकडून स्टीलच्या नळ्यांमधून आलेली रांग. त्यातल्या माणसाने चपला चार तासांपूर्वी काढलेल्या, हातातल्या द्रोणातली फुले कोमेजलेली. उजवीकडून पास हातात घेऊन आलेली रांग, कपड्याची घडी अजून मोडलेली नाही. मध्ये सेवेकरी. त्याच्या हाताशी कधी साखळी असते, कधी नुसता हातच आडवा. तो हात कोणत्या क्रमाने उचलायचा याचा लेखी नियम कुठेच लावलेला नसतो. उजवीकडच्याला तो 'या' म्हणतो, डावीकडच्याला 'चला, चला, पुढे चला' म्हणतो, आणि गाभाऱ्यातल्या मानेवरच्या हाताचा जोरही त्याच हिशेबाने बदलतो. डावीकडची माणसे या वेळी देवाकडे पाहत नसतात. त्यांचे लक्ष साखळीवर असते.

इथे श्रद्धा घडते, असे आमचे म्हणणे आहे. उजवीकडून गेलेल्याला दर्शन चांगले झाल्याचे समाधान मिळते, त्यात गैर काही नाही. पण दहा वेळा असेच झाले की देवाने आपल्याला जवळ केले आहे, आपली संपत्ती ही त्याच्या कृपेचीच खूण आहे, असे त्याला वाटू लागते. बोलीतच ते आले आहे : 'देवाच्या कृपेने सगळे छान चालले आहे, दर्शनही अगदी जवळून झाले.' डावीकडच्याला उलटा धडा मिळतो. आपलेच काहीतरी कमी पडते, आपला नंबर शेवटी लागणारच. देव सगळ्यांना सारखा, हे कीर्तनात ऐकलेले वाक्य रेलिंगपाशी येऊन खोटे ठरते. काही जण त्यामुळे देवस्थानापासून तुटतात, पण ते थोडे. बहुतेक जण देवाला दोष न देता स्वतःलाच देतात, आणि पुढच्या वेळी उसने घेऊन पास काढतात.

आत न जाता येणाऱ्यांनी महाराष्ट्रात आपले स्वतःचे धर्मशास्त्रही घडवले आहे, याची मात्र आठवण ठेवावी. आषाढीला पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. लाखो वारकरी ती धरतच नाहीत. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीवर माथा, कळसाला हात जोडले, की वारी पोचली. नामदेव पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे, दाराबाहेर. त्या दाराबाहेरच्यांनीच कळसदर्शनाला पदस्पर्शाइतके मोल दिले. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू होऊन पाच वर्षे चालला आणि त्यातून दार उघडले नाही. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती त्यानंतर. दारापाशी मिळालेली वागणूक माणसाचा धर्म बदलू शकते, याचा याहून मोठा दाखला आपल्या इतिहासात नाही. दोनशे रुपयांचा पास आणि तो अडसर यांची बरोबरी आम्ही करत नाही. पण दारावरचा माणूस बदलला तरी दार तेच आहे.

गोव्यात हीच गोष्ट दराऐवजी यादीतून चालते. तिथल्या बहुतेक जुन्या देवळांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीनुसार महाजनांकडे असतो, आणि महाजन वंशाने ठरतो. पालखीचा, पूजेचा मान कोणाचा हे त्या यादीवर अवलंबून असते. पैसा कमावून यादीत शिरता येत नाही, म्हणून तिथला नवश्रीमंत देवळाला सभामंडप बांधून देतो आणि मान मात्र दुसऱ्याचा राहतो.

तुमच्या बाजूचे युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहेत आणि त्यातले दोन खरे आहेत. पहिला असा की खिडकीवरची पावती येण्याआधी हेच पैसे दलालाच्या आणि पुजाऱ्याच्या खिशात जायचे. अगदी खरे. पावतीमुळे रक्कम हिशेबात आली. पण दलाल संपला नाही. त्याने पावतीचा दर हा आपला तळाचा दर धरला आणि त्यावर स्वतःचे लावले. दुसरा युक्तिवाद असा की या पैशातून अन्नछत्र, रुग्णालय आणि भक्तनिवास चालतात. हेही खरे. मग तो खर्च त्या उत्पन्नासमोर छापा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारक आहेच. देणगी दर्शनाचे शीर्ष वेगळे काढून त्यासमोर धर्मदर्शनाच्या रांगेवरचा खर्च लिहायला कायद्याची आडकाठी नाही. 'इतर उत्पन्न' या शीर्षाखाली ते मिसळले की कोणालाच काही दिसत नाही.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर दानपेटीच्या मोजणीबद्दल. सील तपासणे, पंचांसमोर उघडणे, कॅमेऱ्याखाली मोजणे, बँकेच्या प्रतिनिधीची सही, हे बहुतेक ठिकाणी नीट होते. मोजताना नाणी वेगळी, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटांची बंडले वेगळी बांधली जातात आणि तशी नोंदही होते. बाहेर येते ती फक्त एकूण रक्कम. ही मूल्यवार नोंद प्रसिद्ध करा. २०२३ साली शिर्डीत साचलेली नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नाही, ही बातमी आठवत असेल. ती नाणी पास काढणाऱ्याच्या खिशातली नव्हती. मोठी देणगी धनादेशाने देणाऱ्याला, संस्थेला करसवलतीची मान्यता असेल तर, जुन्या करप्रणालीत आयकराची सवलत मिळते. पाचाचे नाणे टाकणाऱ्याला तीही नाही, आणि त्याने मागितलेली नाही.

३१ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मंदिरांतल्या व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका ऐकण्यास नकार दिला. अशी विशेष वागणूक असू नये असे न्यायालयाचे मत असू शकते, पण तसे निर्देश देता येणार नाहीत, निर्णय समाजाने आणि मंदिर व्यवस्थापनाने घ्यायचा, असा त्याचा आशय होता. म्हणजे हा निर्णय तुमच्याच टेबलावर आहे. 'शासन ठरवेल' म्हणून तो पुढे ढकलता येणार नाही.

पैशाची रांग नसली की देवस्थान चालत नाही, हे खरे नाही. शेगावला गजानन महाराजांच्या समाधीपुढे पैसे भरून पुढे जायची रांग नाही, आणि महाप्रसाद विनामूल्य मिळतो. हैदराबादजवळचे चिलकूर बालाजी मंदिर तर अधिक बोलके. व्हिसासाठी नवस करणाऱ्या सुशिक्षित तरुणांची तिथे झुंबड असते, म्हणजे खिसा भरलेलाच वर्ग. तरी तिथे हुंडी, म्हणजे दानपेटी, नाही आणि विशेष दर्शनही नाही. नवस बोलताना ११ प्रदक्षिणा आणि काम झाल्यावर १०८. नवसाचे नाणे पायांचे, आणि पाय सगळ्यांचे सारखेच दुखतात.

तुम्ही देणगी दर्शन लगेच बंद करू शकत नसाल तर पुढचे बदल याच हंगामात होण्यासारखे आहेत.

दोन रांगा एकात एक मिसळू नका. देणगी दर्शनाला दिवसातले ठरावीक तास द्या, पहाटेचा पहिला आणि रात्रीचा शेवटचा, आणि एकूण दर्शनवेळेच्या दहा टक्क्यांवर ते नेऊ नका. वेळ वेगळी असली की साखळी लागत नाही, सेवेकऱ्याच्या मर्जीला वाव उरत नाही, आणि दलालाकडे विकायला काही राहत नाही. यात्रेच्या काळात देणगीचे आणि शिफारशीचे, दोन्ही प्रकारचे विशेष दर्शन पूर्ण बंद ठेवा. पंढरपूरला आषाढीत देवाचा पलंग काढून चोवीस तास दर्शन सुरू ठेवतात, आणि शासकीय महापूजेत मुख्यमंत्र्यांसोबत बसणारे दांपत्य रांगेतूनच निवडले जाते. रांगेला मान देण्याची ही रीत आपल्याकडे आहेच, ती वर्षातून एका पहाटेपुरती का असावी?

धर्मदर्शनाला वेळेचे टोकन द्या, विनामूल्य. मात्र टोकन वाटतानाच माणसे मरू शकतात, हे तिरुपतीने ८ जानेवारी २०२५ ला दाखवले. टोकन केंद्रांवरच्या चेंगराचेंगरीत सहा जण गेले. कारण नेहमीचेच असते : केंद्रे थोडी, वाटप एका ठरावीक वेळी सुरू, आणि बंद फाटकामागे आदल्या दिवसापासून साठलेली गर्दी. फाटक उघडले की ती एकदम सुटते. म्हणून टोकन चोवीस तास सलग द्या, एसटी स्थानक, रेल्वे स्थानक, वाहनतळ आणि भक्तनिवास अशी किमान चार-पाच ठिकाणे ठेवा, आणि निम्मी टोकने खिडकीवरच राखा. सगळी मोबाइलवर ठेवलीत तर पैशाची रांग काढून इंटरनेटची रांग लावल्यासारखे होईल. आजीकडे फोन नसतो, असला तर नातवाकडे असतो.

रांगेतून मध्येच बाहेर पडता आले पाहिजे. एका मीटरमध्ये दोन माणसे धरली तर ९,००० जणांची एकेरी रांग साडेचार किलोमीटर होते. तेवढ्या अंतरात ठिकठिकाणी आतून उघडणारी दारे हवीत, आणि लघवीला गेलेल्याला परत त्याच जागी येण्यासाठी वेळ लिहिलेली चिठ्ठी हवी. ती नसते म्हणून बायका आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांचे तेच. रांगेत नारळ फोडू देऊ नका, फोडायची जागा बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीत अडीचशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा अरुंद वाट आणि नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या ही कारणे पुढे आली होती. आणि गर्दीत काही उधळू नका. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थात ३९ जण चेंगरले. साधूने फेकलेली नाणी वेचायला लोक वाकले, असे तेव्हा सांगितले गेले. नाणे वेचायला कोण वाकतो, हे सांगायला नको.

प्रयागराजच्या कुंभात २९ जानेवारी २०२५ च्या चेंगराचेंगरीनंतर विशेष पास रद्द केले गेले. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. तिथले पास आधीच रद्द करता येतील.

सर्वांत आधी मोजा. आज बहुतेक देवस्थानांना आपल्या रांगेत माणूस किती वेळ उभा असतो, हे कागदावर दाखवता येत नाही. यासाठी संगणकप्रणाली लागत नाही. दर तासाला रांगेच्या तोंडाशी वीस जणांना चिठ्ठी द्यायची आणि गाभाऱ्याच्या दारात ती परत घ्यायची. चिठ्ठीवर चार रकाने पुरेत. पहिले तीन : रांगेत शिरल्याची वेळ, गाभाऱ्याशी पोचल्याची वेळ, आणि रांगेचा प्रकार. चौथ्या रकान्यात सेवेकऱ्याने फक्त एक खूण करायची, या व्यक्तीसमोर रांग किती वेळा थांबवली गेली याची. दोन सेवेकरी, दोन घड्याळे, एक वही. सरासरी दर तासाला महाद्वारावरच्या फळ्यावर खडूने लिहायची, दोन्ही रांगांची शेजारी शेजारी. एक एकादशी, एक सोमवार, एक गुरुवार आणि एक साधा बुधवार असे चार दिवस मोजले तरी विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत उत्पन्नाच्या तक्त्याशेजारी ठेवायला दुसरा तक्ता तयार होईल. चिठ्ठीचा नमुना आणि बेरजेचा तक्ता आम्ही कोणत्याही देवस्थानाला विनामूल्य करून देऊ. वेळ नोंदवायला माणसे कमी पडत असतील तर तीही देऊ.

आपले,
दर्शनरांगांचे नियोजन, देवस्थानांचे हिशेब आणि यात्रा-जत्रांचा अभ्यास करणारे काही जण